मदत हवी आहे: ख्यालाच्या २४/९६ रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा पोकळ वाजतोय

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघे मित्र मिळून एक छोटंसं लेबल चालवतो. लेबल म्हणायचं आपलं. माइकच्या वायरी मी गुंडाळतो, हिशेब आणि मुखपृष्ठं तो बघतो. आजवर मैफिलीच रेकॉर्ड केल्या, त्याही ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटमध्ये. यावेळी पहिल्यांदाच श्रोत्यांशिवाय, फक्त रेकॉर्डिंगसाठी बैठक केली आणि सगळं २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला घेतलं. तिथेच गाडी अडलीय.

मांडणी अशी: गाणाऱ्या ताई मध्ये, त्यांच्या मागे दोन बाजूंना दोन तंबोरे, उजवीकडे तबला, डावीकडे पेटी. ताईंपासून २ मीटरवर समोर ओआरटीएफ जोडी, म्हणजे दोन कार्डिऑइड (समोरचं ऐकणारे, मागून बहिरे) माइक, मध्ये १७ सेंटीमीटर, ११० अंशांचा कोन. ताईंना एक मोठ्या डायफ्रामचा कार्डिऑइड, तोंडापासून ४५ सेंटीमीटरवर. तबल्याला दोन, पेटीला एक. एकूण सहा ट्रॅक.

नुसती जोडी ऐकली तर तंबोरा देखणा आहे. जवारीचा, म्हणजे घोडीवर घासून उठणाऱ्या झंकाराचा, तो झिरमिरता पडदा व्यवस्थित उलगडतो. पण ताईंचा माइक वर घेतला, की तंबोरा पत्र्याच्या डब्यात गेल्यासारखा पोकळ होतो. कुठेतरी वाचून ताईंचा माइक ४.५ मिलिसेकंद मागे ढकलून पाहिला. आवाज छान बसला, तंबोरा मात्र आता वेगळ्याच तऱ्हेने बिघडला. तंबोऱ्यावरची विद्यार्थिनी जरा रेलली, की त्याचा रंग बदलतो. एकदा ऐकू आलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. तीन रात्री झोप नाही.

आणखी तीन गोष्टी, लहान आहेत पण छळतायत:

स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या कंपनसंख्यांच्या आलेखात) २७ किलोहर्ट्झच्या आसपास एक बारीक सरळ रेघ दिसते, सगळ्या ट्रॅकवर. ऐकू येत नाही, पण दिसते.

४१ मिनिटं झाली की रेकॉर्डर नवी फाइल सुरू करतो. विलंबित ख्याल बरोबर मधोमध तुटलाय. कार्ड खराब असेल का?

आणि कबूल करायला लाज वाटते, पण द्रुत बंदिशीची जी दुसरी बैठक सगळ्यांना आवडली ती ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड झालीय. मधल्या वेळात बॅटरी बदलली, रेकॉर्डर मूळ सेटिंगवर गेला आणि मी पाहिलं नाही. मित्र म्हणतो, "९६ ला चढव आणि बाकीच्यांत मिसळ, कोणाला कळतंय?" मन धजत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

कार्ड ठणठणीत आहे, त्याला बोल लावू नका. २४ बिट म्हणजे दर नमुन्याला (आवाजाच्या एकेका मोजणीला) ३ बाइट. ९६,००० गुणिले ३ गुणिले सहा ट्रॅक, म्हणजे सेकंदाला १७ लाख २८ हजार बाइट, मिनिटाला १०० एमबीच्या वर. साध्या वेव्ह फाइलमध्ये आकार लिहायची जागा ३२ बिटांची असते, त्यामुळे ती ४ जीबीपलीकडे वाढू शकत नाही. भागाकार करून बघा, ४१ मिनिटंच येतात. रेकॉर्डरमध्ये आरएफ६४ची (मोठ्या आकाराच्या वेव्ह फाइलची) सोय असेल तर ती चालू करा, ही मर्यादा जाते. नसेल तर दोन्ही फाइली टाइमलाइनवर एकीला एक लावून ठेवा. चांगला रेकॉर्डर मध्ये एकही नमुना गाळत नाही. सांध्यावर तंबोऱ्याची तार चालू असेल, तिथे हेडफोन लावून ऐका. टिक आली नाही तर निर्धास्त व्हा.

तंबोऱ्याबद्दल: तंबोऱ्यापासून ताईंच्या माइकपर्यंतचं आणि जोडीपर्यंतचं अंतर टेपने मोजून टाका. अंदाजे नको.

धागाकर्ता

हुश्श. सांधा ऐकला, साफ आहे.

मोजलं. डाव्या तंबोऱ्याच्या घोडीपासून ताईंचा माइक १.३० मीटर, जोडी २.७७ मीटर.

प्रतिसाद १

मग गणित स्वच्छ आहे. ताईंच्या आवाजाला दोन्हीकडे पोचायला १.५५ मीटरचा फरक, म्हणजे तुमचे ते ४.५ मिलिसेकंद. तंबोऱ्याचा फरक १.४७ मीटर. तुम्ही आवाज जुळवलात, तंबोरा ८ सेंटीमीटरने चुकलेलाच राहिला. एकच आवाज दोनदा, ८ सेंटीमीटर मागेपुढे मिसळला, की पहिला खड्डा, म्हणजे जिथे आवाज दबतो ती जागा, २१०० हर्ट्झच्या आसपास पडतो. पुढे ६४०० च्या जवळ दुसरा, आणि असेच. तबल्याचा ठोका क्षणात संपतो, तिथे हे लपून जातं. तंबोरा अखंड वाजतो, त्याचे स्वरांश कंगव्याच्या दातांसारखे ओळीने उभे असतात, आणि जवारीची सगळी गंमत नेमकी त्याच पट्ट्यात. विद्यार्थिनी रेलली की अंतर बदलतं, खड्डे सरकतात, आणि तुम्हाला रंग बदलल्यासारखा वाटतो.

मिलिसेकंदांशी कितीही खेळलात तरी एका वेळी एकच वाद्य जुळणार. दुखणं बैठकीच्या मांडणीत आहे. कार्डिऑइड माइक मागून बहिरा असतो, समोरून नाही. तंबोरे ताईंच्या मागे, म्हणजे ताईंचा माइक थेट त्यांच्याकडेच तोंड करून बसलाय! मैफिलीत ही बैठक शोभते. रेकॉर्डिंगमध्ये तंबोरे माइकच्या पाठीशी, ताईंच्या समोर बसवा.

प्रतिसाद २

मी स्वतः गाते, म्हणून राहवत नाही. तंबोरे दोन हात लांब, समोर बसवले, की गाणारीचं काय होतं याचा विचार कोणी करत नाही. तंबोरा कानाशी हवा. तो कानामागून अंगावर येतो तेव्हा षड्ज लावावा लागत नाही, तो आपसूक लागतो. एका रेकॉर्डिंगला मला हेडफोनमधून तंबोरा दिला होता. आलाप संपेपर्यंत गळा दाबून गात होते, कारण स्वतःचा आवाजच नीट कळेना. घरी येऊन ऐकलं तर निषाद प्रत्येक वेळी किंचित चढा. ते रेकॉर्डिंग कोणाला ऐकवलं नाही. मशीनची सोय बघा, पण आधी ताईंना विचारा.

प्रतिसाद १

मान्य. हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

मग मधला मार्ग: ताईंना कार्डिऑइडऐवजी आठच्या आकड्यासारखा ऐकणारा माइक लावा. मोठ्या डायफ्रामच्या बऱ्याच माइकना तशी कळ असते. तो समोरून आणि मागून सारखाच ऐकतो, पण दोन्ही बगलांकडून जवळजवळ बहिरा. तंबोऱ्यांचे भोपळे बरोबर माइकच्या बगलेच्या रेषेत आणा, एक डावीकडे, एक उजवीकडे. ताईंपासून हातभर अंतर राहील, कानांना सूर मिळेल, आणि मिश्रणात तंबोरा येईल तो फक्त जोडीतून, एकदाच. पण दोन सूचना आहेत. हा माइक जवळ आला की खर्ज फुगवतो, तेव्हा ४५ चे ६० सेंटीमीटर करा. आणि तो मागचंही ऐकतो, तेव्हा त्याच्या पाठीशी काय आहे ते बघा.

प्रतिसाद ३

एवढी मेहनत घेताय तर पीसीएम (म्हणजे हे तुमचं २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं नेहमीचं रेकॉर्डिंग) कशाला? सरळ डीएसडीमध्ये घ्या. २.८२२४ मेगाहर्ट्झ, एक बिट. तंबोरा अगदी समोर बसल्यासारखा ऐकू येतो.

प्रतिसाद १

आणि तो खड्डाही अगदी समोर बसल्यासारखा ऐकू येईल. शिवाय डीएसडीत साधी पातळी कमीजास्त करायची किंवा दोन तुकडे जोडायचे, तरी बहुतेक वेळा पीसीएममध्येच उतरावं लागतं, म्हणून तर ३५२.८ किलोहर्ट्झचं डीएक्सडी आलं, तेही पीसीएमच. सहा ट्रॅक मिसळणाऱ्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

प्रतिसाद ४

४८ किलोहर्ट्झच्या बैठकीबद्दल कोणीच बोलत नाहीये. अजिबात चढवू नका. ४८ च्या फाइलमध्ये २४ किलोहर्ट्झच्या वर काही असूच शकत नाही. ९६ ला चढवून नमुने दुप्पट होतील, माहिती तेवढीच. ज्याने स्पेक्ट्रोग्राम उघडला त्याला २४ वर कापलेली भिंत दिसेल, आणि मग तुमच्या खऱ्या ९६ च्या फाइलींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. लहान लेबलकडे दुसरं असतं काय? ती बंदिश २४/४८ म्हणूनच द्या, माहितीत तसं लिहा. २४ बिट आहेत ना, काम झालं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही, आणि द्रुत बंदिशीत तो षड्ज कसा लागलाय हे ४८ मध्येही तेवढंच ऐकू येतं.

खरं तर २४ बिट हेही वाजवताना कमी आणि रेकॉर्ड करताना जास्त कामाचे. शांत खोलीतला घरघराट ३० डेसिबल धरा, ताईंची तारसप्तकातली तान माइकपाशी ९५. मधलं अंतर ६५ डेसिबल, १६ बिटांच्या ९६ डेसिबलमध्ये आरामात बसतं. २४ बिटांचा फायदा असा, की पातळी निवांत खाली ठेवता येते. सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, लाल दिव्याशी खेळू नका. १६ बिटची प्रत काढाल तेव्हा डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीकसा गोंगाट) द्या, एकदाच, अगदी शेवटी.

२७ ची रेघ: कुठल्या तरी अडॅप्टरचं काम दिसतं. सगळी मंडळी उठल्यावर रिकाम्या खोलीचं मिनिटभर रेकॉर्डिंग घ्या, एकेक वस्तू बंद करत जा.

धागाकर्ता

काल पुन्हा बसलो. हाती आलेलं लिहितो.

रेघ सापडली. लॅपटॉप नाही, रेकॉर्डर नाही. ताई बंदिशीची वही वाचायला मांडीशेजारी एक छोटा एलईडी दिवा ठेवतात, त्याचा अडॅप्टर! तो काढला, रेघ गेली. आता वही मोठ्या अक्षरात लिहून काढायचं काम माझ्याकडे आलंय.

ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बगलेला चालतील, पण माझ्या खांद्याच्या फार पुढे नकोत." मग त्यांनाच माइककडे थोडं सरकायला सांगून ५५ सेंटीमीटरवर तडजोड झाली. तंबोरे बगलेत आल्यावर तबला-पेटीला जागा उरेना, म्हणून त्यांना समोर तिरकं बसवलं. पहिल्या तुकड्यात ताईंच्या माइकमध्ये पेटीच्या भात्याचा श्वास येत होता, फुस्स, फुस्स, दर चार मात्रांना. प्रतिसाद १ यांनी सांगितलेली पाठ ती हीच. पेटी आणखी बाहेर सरकवली, तेव्हा थांबला.

तंबोरा आता ताईंचा माइक वर घेतला तरी हलत नाही. तंबोऱ्यावर तीच विद्यार्थिनी, रेलते तशीच.

एक नवंच निघालं. घरघर नको म्हणून एसी बंद ठेवला, तर अर्ध्या तासात तंबोऱ्याच्या तारा उतरल्या आणि तबला आपल्या मर्जीने तिसरीकडेच. दर २० मिनिटांनी थांबून वाद्यं पुन्हा सुरात मिळवावी लागतात. विलंबित ख्याल त्यात बसत नाही. बैठकीआधी खोली थंड करून मग बंद करावी, की अखंड गरमच राहू द्यावी? आणि द्रुतची ४८ ची बैठक २४/४८ म्हणूनच जाणार, मित्राला सांगून टाकलंय. तो अजून फुगून बसलाय.

प्रतिसाद २

थंड करून बंद केलीत तर खोली पुन्हा तापताना तारा हलणारच. तासभर आधी सगळ्यांनी दारं लावून तिथेच बसा, वाद्यं गवसणीबाहेर काढून ठेवा, गप्पा मारा. खोली जिथे स्थिरावेल तिथेच मिळवा. घाम येईल. पंखा मागू नका.