किशोरांच्या विज्ञानकथा आणि फँटसी: वेळ नसलेल्या आईबाबांनी वाचायलाच हव्यात (अनुभव धागा)

बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या विज्ञानकथा आणि फँटसी कादंबऱ्या मोठ्यांनीही वाचाव्यात, आणि ज्यांना दिवसभरात सलग पंधरा मिनिटं मिळायची मारामार त्यांनी तर आधी वाचाव्यात, असं मला मनापासून वाटतं. गोष्ट पहिल्या दहा-पंधरा पानांत रुळावर येते. मधे दोन दिवस खंड पडला तरी काय चाललं होतं ते आठवतं. आणि घरातलं पोरगं तेच पुस्तक वाचत असेल, तर जेवताना ‘अभ्यास झाला का’च्या पलीकडचा विषय मिळतो.

ही पुस्तकं ज्यांनी बारकाईने वाचली आहेत त्यांनी लिहा. ‘आमच्याकडे सगळ्यांना फार आवडलं’ एवढ्यावर भागणार नाही. किती वेळ लागतो, गाडी कुठे अडते, का अडते, कोणत्या क्रमाने वाचायचं, कोणत्या वयाला थांबायचं, ते सांगा.

नाशिकहून

सुरुवात हिशोबाने करते, कारण पुस्तकं अर्धवट राहतात ती चुकीच्या हिशोबामुळेच. इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १५० शब्द होतात. रोज १५ मिनिटं धरली तर:

लोइस लाउरी यांचं ‘द गिव्हर’ (१९९३) सुमारे ४३,००० शब्दांचं आहे. पावणेपाच तास, म्हणजे १९ दिवस. प्रकरणं २३, त्यामुळे एक प्रकरण साडेबारा मिनिटांत बसतं. रोज एक प्रकरण आणि वर दोन मिनिटं गप्पा. दमलेल्या आईबाबांसाठी याहून सोयीचं माप मला ठाऊक नाही. सुरुवात इथूनच करा.

अर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) सुमारे ५६,००० शब्दांचं, पण प्रकरणं फक्त दहा. एकेक प्रकरण ३५-४० मिनिटांचं. ‘आज एक प्रकरण संपवू’ म्हणून बसलात की वीस मिनिटांनी ऐकणारा पेंगतो आणि पुस्तक कंटाळवाणं ठरतं. दोष पुस्तकाचा नाही. एक प्रकरण तीन रात्रींत वाटून घ्या, जागा किंवा प्रसंग बदलतो तिथे पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा.

सुझन कॉलिन्स यांचं ‘द हंगर गेम्स’ (२००८) लाखाच्या आसपास शब्दांचं, २७ प्रकरणं, नऊ-नऊचे तीन भाग. प्रकरण २४-२५ मिनिटांचं. इथे अडचण उलटी आहे. जवळजवळ प्रत्येक प्रकरण उत्कंठेच्या टोकावर सोडलेलं, त्यामुळे ‘अजून एकच’ करत साडेअकरा वाजतात. शाळेच्या दिवसांत प्रकरणाच्या शेवटी थांबूच नका, शेवटची दोन पानं राखून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथून सुरू करा. मधला थांबा शांत असतो, झोप लागते.

वाचता वाचता मराठीत सांगणार असाल तर वेळ दीडपट धरा.

पुण्याहून, शाळेच्या ग्रंथालयात काम

‘द गिव्हर’बद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. भाषा इतकी सोपी आहे की अकरा वर्षांचं मूल दोन दिवसांत संपवेल. अमेरिकेत भाषेची काठिण्यपातळी मोजायचं ‘लेक्साइल’ नावाचं माप आहे, त्यात याला ७६० मिळतात आणि ‘हंगर गेम्स’ला ८१०. म्हणून पालक हे पुस्तक निर्धास्तपणे धाकट्याच्या हातात देतात. पण ते माप फक्त वाक्यांची लांबी आणि शब्द बघतं, आशय नाही. मूल कोणतंही असो, त्याच्या हाती देण्यापूर्वी एकोणिसावं प्रकरण स्वतः वाचा. दहा मिनिटांचं काम आहे. त्या समाजात ‘रिलीज’ या शब्दाचा खरा अर्थ काय, ते तिथे कळतं. प्रसंग एका तान्ह्या बाळाचा आहे. ज्या घरात नुकतंच काही दुःखद घडलं असेल तिथे सहा महिने थांबा. एरवी बाराव्या वर्षानंतर, आणि ते प्रकरण शक्यतो सोबत बसून.

‘हंगर गेम्स’मध्ये असाच जड भाग अठराव्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे. तो झोपायच्या आधी नको, दुपारी वाचा.

शेवटाबद्दलही सांगते. ‘द गिव्हर’ संपतं तेव्हा नायकाचं नेमकं काय झालं ते लेखिकेने उघड केलेलं नाही. मुलं चिडतात, आणि चिडू द्यावं! लगेच उत्तर देऊ नका. पुढे तीन पुस्तकं आहेत, चौथं ‘सन’ २०१२चं. तिथवर जाण्याची ओढ या चिडण्यातूनच निर्माण होते.

ठाण्याहून

मराठीचं कुणीच कसं काढलं नाही? पंधरा मिनिटांच्या वाचकासाठी मराठी विज्ञानकथा म्हणजे घरचंच ताट आहे. आपल्याकडे हा प्रकार वाढला तो मासिकं, दिवाळी अंक आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धा यांतून. त्यामुळे कथा लहान आणि एका बैठकीत संपणाऱ्या. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये त्याच स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी करून बघा. हा किस्सा आधी सांगितला की कथेकडे मुलं आपसूक वळतात.

क्रम असा ठेवा. आधी ‘उजव्या सोंडेचा गणपती’, कारण त्यात क्रिकेट आहे आणि मोबियस पट्टी आहे. वाचण्यापूर्वी कागदाची एक लांब पट्टी घ्या, साधारण ३ सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब. एक टोक अर्धा वेढा पिळून दुसऱ्याला चिकटवा. मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत जा. पेन्सिल न उचलता दोन्ही बाजूंना रेघ उमटते. पट्टी आखूड आणि रुंद घेतली तर पीळ बसत नाही, कागद चुरगळतो. हे पाच मिनिटं हाताने केलं की कथेतली उलटापालट समजावून सांगावी लागत नाही.

मग ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. पानिपतात मराठे जिंकले असते तर, अशी कथा. सीबीएसईच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ती ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाने आहे. अकरावीतलं मूल असेल तर मराठी मूळ आणि पाठ्यपुस्तकातला धडा शेजारी ठेवून वाचा. इथे एक अडथळा ठरलेला: १७६१च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली हे माहीत नसेल तर कथेचा सांधाच निखळतो. तेवढं दोन वाक्यांत आधी सांगा, बाकी काही सांगू नका.

त्यानंतर कादंबरी: ‘प्रेषित’ किंवा ‘वामन परत न आला’. दुसरी सध्याच्या मुलांना जास्त भिडेल. माणसापेक्षा हुशार यंत्र स्वतःसारखी यंत्रं बनवायला निघालं तर काय, हा प्रश्न तिथे १९८०च्या दशकातच मांडलेला आहे.

आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. ‘चंद्रावर स्वारी’ दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवायला आजही उत्तम. भागवतांचं मराठी वाचताना जीभ अडखळत नाही.

न्यू जर्सीहून

लायब्ररीची ई-पुस्तकं उसनी देणाऱ्या ‘लिबी’ अ‍ॅपवर मालिका वाचणाऱ्यांची ठरलेली फजिती म्हणजे तिन्ही भागांना एकदम होल्ड लावायचा (रांगेत नाव घालायचं), आणि तिसरा भाग आधी हातात पडतो. लोक मग तो परत करतात आणि रांगेच्या शेवटी जातात. परत करू नका. पाळी आल्यावर ‘डिलिव्हर लेटर’चा पर्याय असतो, तो निवडला की पुस्तक पुढच्या माणसाकडे जातं आणि तुमची जागा राहते. यासाठी नोटिफिकेशन चालू हवं, कारण निर्णयाला साधारण तीनच दिवस मिळतात. पुस्तक किती दिवस ठेवता येतं ते सेटिंगमध्ये बघा. ७, १४, २१ असे पर्याय असतील तर २१ करून ठेवा; नाहीतर वर नाशिकच्या ताईंनी मांडलेला १९ दिवसांचा हिशोब चौदाव्या दिवशी कोसळतो.

कोल्हापूरहून

पुस्तक विकत घेताना दोन नावांचा घोळ लक्षात ठेवा. फिलिप पुलमन यांचं ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) आणि ‘द गोल्डन कंपास’ हे एकच पुस्तक, दुसरं नाव अमेरिकी आवृत्तीचं. भेट म्हणून दोन्ही घेतली जातात.

‘हंगर गेम्स’चे नंतर आलेले दोन भाग (२०२० आणि २०२५) काळाने आधीचे आहेत, एक मूळ गोष्टीच्या ६४ वर्षं आधीचा आणि दुसरा २४ वर्षं आधीचा. म्हणून ते पहिले द्यायचे नाहीत. मूळ तीन पुस्तकं माहीत असतील तरच त्यांतली वेदना कळते.

रस्त्यावरच्या स्वस्त प्रती टाळा. त्या बहुतेक चोरून छापलेल्या असतात, लेखकाला त्यातलं काही मिळत नाही. शिवाय अर्थसीसारख्या पुस्तकात नकाशा म्हणजे निम्मी मजा, आणि तोच नेमका काळा डाग होऊन छापलेला असतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानातली खरी जुनी प्रत केव्हाही बरी. नकाशा बघा, मग मधली पानं क्रमाने आहेत का ते चाळा, मग घ्या.

पनवेलहून

ऐकणाऱ्यांसाठी. पोळ्या लाटताना, गाडी चालवताना किंवा लोकलमध्ये उभ्याने पुस्तक होतं, फक्त आवृत्ती नीट निवडा. माहितीत ‘अनअब्रिज्ड’ लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. काटछाट केलेल्या फँटसीत जगाचे नियम गळतात आणि पुढे काहीच पटत नाही. ‘नॉर्दर्न लाइट्स’ची पूर्ण आवृत्ती स्वतः पुलमन यांनी वाचली आहे आणि पात्रांना वेगवेगळे कलाकार आहेत, सुमारे ११ तास. रोजच्या ४० मिनिटांच्या प्रवासात साडेतीन आठवड्यांच्या आतच होतं. पहिला तासभर वेग वाढवू नका. ‘डीमन’, ‘डस्ट’ असे शब्द कानाला बसले की मग सव्वापट करा. नावांच्या स्पेलिंगमुळे गोंधळ होतो, म्हणून छापील प्रत घरात असू द्या.

पुण्याहून

पुण्यातल्या मुलांसाठी खास: अनिल मेनन यांची ‘द बीस्ट विथ नाइन बिलियन फीट’ (२००९) ही इंग्रजी कादंबरी २०४०च्या पुण्यात घडते! जनुकांत फेरफार आणि त्यावर हक्क कुणाचा, हा तिचा विषय. तेरा-चौदाच्या पुढे द्या. गुणसूत्र, जनुक हे शब्द शाळेत येऊन गेले असतील तर वाचन दुप्पट वेगाने होतं.

पांडवांच्या गोष्टी माहीत असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना रोशनी चोक्शी यांची ‘अरू शाह’ मालिका. पाच पुस्तकं, २०१८ ते २०२२.

आणि ज्यांना खरोखर एकाच रविवारी काहीतरी संपवायचं आहे, त्यांनी न्नेडी ओकोराफॉर यांचं ‘बिंटी’ (२०१५) घ्यावं. शंभराच्या आत पानं, ऐकायला अडीच तास. नामिबियातल्या हिंबा समाजातली मुलगी अंगाला लाल माती लावलेलीच, घरच्यांना न सांगता दुसऱ्या ग्रहावरच्या विद्यापीठात निघते. शिकायला दूर गेलेल्या कुणाही मुलीच्या आईने हे वाचावं, फार फार सुंदर आहे. मात्र प्रवास सुरू झाल्यावर लगेचच यानात मोठा रक्तपात आहे, तेव्हा चौदाच्या आतल्यांना नको.

धागाकर्ती

वा, केवढं दिलंत सगळ्यांनी! एक राहिलंय: नऊ-दहा वर्षांच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर?

नाशिकहून

टेरी प्रॅचेट यांचं ‘द वी फ्री मेन’ (२००३). नायिका टिफनी नऊच वर्षांची आहे, हातात तवा घेऊन परीराज्याच्या राणीशी भिडते. यात छोटी निळी माणसं स्कॉटिश ढंगाचं इंग्रजी बोलतात, तिथे वाचणारा पहिल्या रात्री अडखळतो. आदल्या दिवशी त्यांचे संवाद एकदा स्वतःशी मोठ्याने म्हणून बघा. स्पेलिंगकडे न बघता जसं लिहिलंय तसं उच्चारायचं, अर्थ आपोआप उमगतो. मालिकेत पाच पुस्तकं आहेत, पण टिफनी दर पुस्तकात मोठी होत जाते, तेव्हा सलग वाचून संपवू नका. चौथं, ‘आय शॅल वेअर मिडनाइट’, तेरा-चौदाच्या वयासाठी राखून ठेवा. त्यात सुरुवातीलाच एका गरोदर मुलीला तिचा बाप मारहाण करतो.