गिरगाव रिकामं झालं, मग मतं गेली कुठे?

प्रेषक: काका, एडिसन

मंडळी, नमस्कार.

इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत निघालेला विषय मांडतो. महिनाभर मुंबईला होतो. आमच्या गिरगावातल्या चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत कुणी मराठी बोलेना. फार वाईट वाटलं. मराठी टक्का असाच घसरत राहिला तर मुंबईच्या कारभारात आपल्याला विचारणार कोण? तिकडे राहणाऱ्यांनी सांगावं.

प्रेषक: मंडळाची माजी सचिव, सध्या मुक्काम डोंबिवली

काका, सादर नमस्कार.

वाईट वाटणारच. तुमचा मेल वाचून मलाही परळची खोली आठवली. पण टॉवरखाली उभं राहून सगळी मुंबई दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

टक्का घसरला हे खरं. बृहन्मुंबईत मातृभाषा मराठी सांगणारे २००१ च्या जनगणनेत ४५.२३ लाख होते, २०११ मध्ये ४४.०४ लाख. हिंदी सांगणारे त्याच दहा वर्षांत २५.८८ लाखांवरून ३५.९८ लाखांवर गेले. (हा आकडा जपून वाचायचा. भोजपुरी आणि राजस्थानी बोलणारी घरंही जनगणनेत हिंदीच्याच रकान्यात जातात.) आता मुंबई शहर जिल्हा बघा. तिथली एकूण लोकसंख्याच ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा मात्र १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा काढला.

ठाणे जिल्ह्यात ही माणसं कुठून आली? थोडी आमच्याच घरातून गेली. बाबा गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि गिरणी पुन्हा धड चालू झालीच नाही. दोन भावांचे संसार दहा बाय बाराच्या खोलीत मावेनात. खोलीच्या पागडीत थोरल्या काकांनी नालासोपाऱ्यात घर घेतलं, उरलेल्या पैशांत कर्जाची भर घालून आम्ही डोंबिवलीत ब्लॉक घेतला. आई कित्येक वर्षं परळच्या वाण्याकडूनच किराणा आणायची, लोकलमधून पिशव्या सांभाळत. आम्हाला कुणी हाकललं नव्हतं. आम्ही घर शोधत गेलो, जसे आमच्या गल्लीत नंतर जौनपूरचे आणि आजमगढचे लोक काम शोधत आले.

माणसं हलली तशा जागाही हलल्या. पूर्वी विधानसभेत शहराचे १७ आणि उपनगराचे १७ आमदार असत. मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ पासून शहराला १० आणि उपनगराला २६ जागा आल्या. आमचा परळ मतदारसंघ गेला, तुमचा ऑपेरा हाऊसही गेला. गिरगावातली बरीचशी मतं आता मलबार हिलमध्ये मोजली जातात.

आणि मराठी मत एकगठ्ठा होतं कधी? डोंबिवलीतला मध्यमवर्ग जनसंघाच्या काळापासून भाजपच्या बाजूला. २००९ मध्ये मनसेचे १३ आमदार निवडून आले, त्यातले ६ मुंबईतून. ती मतं मराठी घरांतूनच गेली होती. आमच्या जेवणाच्या टेबलावर तेव्हा तीन पक्ष बसायचे. २०१७ च्या महापालिकेत २२७ पैकी शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. एवढं अटीतटीचं गणित नुसत्या भाषेच्या आकड्यावरून मांडता येत नाही.

२०२४ च्या लोकसभेत ईशान्य मुंबईतून ठाकरे गटाचे संजय दिना पाटील २९,८६१ मतांनी निवडून आले. मराठी वस्ती भरपूर असलेल्या मुलुंडनं भाजपच्या मिहिर कोटेचांना आघाडी दिली, आणि पाटलांना तारलं ते मुस्लिमबहुल मानखुर्द-शिवाजीनगरनं. शिवसेना स्थापन झाली त्या १९६६ मध्ये हे कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. तेव्हा रोख दाक्षिणात्यांवर होता, नंतर तो उत्तर भारतीयांकडे वळला. बोट दाखवायची दिशा बदलत गेली, आमच्या गल्लीतला पाण्याचा प्रश्न तसाच राहिला. मला राग येतो तो याचा.

मला काळजी आहे ती मतदार यादीची. आमच्या घरातली नावं डोंबिवलीला आल्यावर बारा वर्षं परळच्याच यादीत होती. मतदानाच्या दिवशी तीन तास घालवून जायचा उत्साह दोनदा टिकला, मग संपला. अशी किती घरं असतील! आणि वायव्य मुंबईत २०२४ मध्ये निकाल लागला तो ४८ मतांनी. घर बदललं तर नमुना ८ भरून नाव हलवायला लावा, भावाला, मेव्हण्याला, सगळ्यांना. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांना २०११ पासून नमुना ६-अ भरून गावच्या यादीत नाव घालता येतं. मात्र मत द्यायला केंद्रावर स्वतः जावं लागतं.

प्रेषक: खजिनदारताई

विरारच्या भावाला आत्ताच फोन केला. त्याचं नाव अजून दादरच्या यादीत आहे, वहिनीचं दोन्हीकडे! रविवारी दोघं बसून अर्ज भरणार आहेत.

प्रेषक: काका, एडिसन

ताईंचा मेल वाचून पुतण्याला यादी बघायला सांगितली. माझं आणि हिचं नाव तिथे आहे, चाळीच्या जुन्या पत्त्यावर. अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन आम्हाला वीस वर्षं होऊन गेली. इतकी वर्षं हे लक्षातच आलं नाही, याची लाज वाटते. नाव काढून टाकायला कुठला नमुना लागतो?

प्रेषक: मंडळाची माजी सचिव, डोंबिवली

नमुना ७, काका. मी इथून पाठवते.