खाता खाता मन कधी भरतं? तुमचे अनुभव लिहा

लग्नाच्या पंगतीत जिलबीबरोबर मठ्ठा असतोच. सलग जिलबी खाल्ली की गोडाची ओढ लवकर उतरते. मठ्ठ्याचा घोट घेतला की हात पुन्हा जिलबीकडे वळतो. संशोधक बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं: जो पदार्थ खातो आहोत त्याचीच गोडी कमी होते, न खाल्लेल्याची बरीचशी टिकून राहते. पोट भरण्याचा हिशेब त्याहून वेगळा.

खाऊन खाऊन तुमची एखादी आवड जडली, उतरली किंवा कायमची गेली असेल तर लिहा. ‘आवडत नाही’ एवढ्यावर थांबू नका, कसं घडलं ते सांगा.

देवगडहून
आमची हापूसची कलमं आहेत. एप्रिल-मेमध्ये दिवसभर पेट्या भरायच्या, घरभर अढीचा वास. तेव्हा रात्री कोणी आंब्याला हात लावत नाही, सगळ्यांना कुळथाची पिठी आणि भात हवा असतो. आंबा न खाताही असं का होत असेल?

धागाकर्ती
वासानेही होतं. पदार्थ काही मिनिटं नुसता हुंगला तरी त्याच्या वासाची गोडी उतरते, हे 1997 च्या एका प्रयोगात दिसलं आहे.

नाशिकहून
शाळेत असताना श्रीखंड-पुरी जेवले आणि त्याच रात्री तापाने उलट्या सुरू झाल्या. घरात बाकी कुणाला काही झालं नाही, म्हणजे श्रीखंड चांगलंच होतं. तरी आजही वेलदोड्याचा वास आला की पोटात ढवळतं. त्यापायी बासुंदीही सुटली, याचं फार वाईट वाटतं.

धागाकर्ती
ताई, हे मनाचे खेळ नाहीत. मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी 1955 मध्ये उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजताना पोट बिघडवणारा किरणोत्सर्ग दिला. त्यानंतर उंदीर ते पाणी टाळू लागले. दोष पाण्याचा नव्हताच.

सोलापूरहून
वडिलांच्या रक्तदाबामुळे घरात मीठ कमी केलं. सुरुवातीला आमटी अगदी अळणी लागायची, बाबा पान तसंच सोडून उठायचे. काही महिन्यांनी तेच बाबा लग्नातली भाजी खारट म्हणून बाजूला सारू लागले. जीभ सवयीने बदलते, वेळ द्यावा लागतो.

ठाण्याहून
मुलीच्या ताटात मेथीची भाजी चिमूटभर वाढत राहिले. संपवायची सक्ती नाही, बदल्यात चॉकलेटही नाही. बरेच दिवस ती नुसती चाखून ठेवायची. आता भाकरीबरोबर मागून घेते. कारल्याचं अजून जमलेलं नाही. कोणाकडे जमलं असेल तर नक्की लिहा.