मदत हवी आहे: हुलाओ गेटला लू बू हरतच नाहीये

गेम डायनॅस्टी वॉरियर्स: ओरिजिन्स (२०२५), पीसीवर, कंट्रोलरने. हुलाओ गेटच्या लढाईत लू बू हा शत्रू सेनापती मैदानात उतरला की अंगावर काटा येतो, पण पुढे सरकता येत नाही. डिफिकल्टी वेफेअरर (मधली) आहे. हिस्टोरियनवर (सोप्या पातळीवर) उतरायचं नाहीये. तलवार आणि भाला दोन्ही वापरून झाले. त्याचे साधे वार पॅरी होतात (ऐन वेळी अडवून परतवता येतात), नारिंगी चमक दिसली की बॅटल आर्टने (खास वाराने) तोडतो, तेही जमतं. अडतंय ते लाल चमकेवर. तो वार अडवताच येत नाही, मागे उडी मारली तरी पात्याचं टोक लागतंच, आणि तोवर जीव भरून काढणारे मीट बन संपलेले असतात. पुढची कथा कृपया सांगू नका. लाल वाराच्या वेळी उडी बाजूला मारायची की त्याच्या अंगालगत पुढे? आणि त्यानंतर उलटा वार करायला वेळ मिळतो का?