मदत हवी आहे: सीरियल, बातम्या आणि अधूनमधून मॅच, एवढ्यासाठी ओएलईडी टीव्ही घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

ऐरोलीला वन बीएचकेत राहतो. नवरा, मी, सासूबाई आणि दहावीतला लेक. टीव्ही ४३ इंची फुल एचडी, २०१६ सालचा. चित्र अजून ठणठणीत आहे, पण त्यातली अ‍ॅप्स आधी रखडायला लागली आणि आता एकेक करून बंद पडली. म्हणून नवीन टीव्हीचा विषय निघाला आणि निघाला तो थेट सव्वा लाखावर जाऊन बसला.

वाशीला सेक्टर १७ मध्ये आणि ठाण्यात गोखले रोडला चक्कर मारून आलो. सांगितलेले भाव असे: ४३ इंची साधा फोरके तिसेक हजार, ५५ इंची मिनी एलईडी (पडद्यामागे बारीक-बारीक दिवे असलेला) साठच्या घरात, ५५ इंची ओएलईडी सव्वा लाख. लेकाने ओएलईडीसमोर ठाणच मांडलं. नवऱ्याचं म्हणणं, एकदाच चांगला घेऊ, म्हणजे दहा वर्षं बघायला नको. (२०१६ लाही हेच वाक्य होतं.)

माझी शंका निराळी आहे. आमच्याकडे दिवसाचे सात-आठ तास टीव्ही चालतो, त्यातले बहुतेक सासूबाईंचे. केबल आहे आणि पॅक साध्या एसडी चॅनेलचा. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, फोरकेचा पडदा ३८४० बाय २१६० चा. गुणाकार करून पाहिला तर बरोबर वीसपट येतो. म्हणजे पडद्यावरच्या दर २० ठिपक्यांमागे केबलमधून आलेला एक आणि बाकीचे १९ टीव्हीने अंदाजाने भरलेले. मग सव्वा लाख देऊन आपण नक्की काय बघणार?

दुकानात हे कळायला मार्ग नाही. तिथे सगळीकडे तेच रंगीत मासे आणि कापलेली फळं. मी म्हटलं, जरा साधं मराठी चॅनेल लावून दाखवा, तर म्हणाले केबलचं कनेक्शन नाहीये.

शिवाय दुपारी बातम्या. खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, तासन् तास जागेवरच. ओएलईडीवर अशा पट्टीचा डाग कायमचा उमटतो म्हणतात, ते कितपत खरं? हॉलची खिडकी पश्चिमेला आहे, चारनंतर ऊन थेट भिंतीवर. सोफ्यापासून टीव्ही आठ फूट.

ज्यांनी असा महागडा टीव्ही वापरला आहे त्यांनी कृपया सांगा. बजेट ताणलं तर जमेल, पण ताणावं का?

प्रतिसाद

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, ओएलईडी वापरतो. रात्री दिवे घालवून सिनेमा बघायचा तर त्याला तोड नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, त्यामुळे काळं ते खरंच काळं दिसतं. पण तुमच्या वर्णनातली एकही गोष्ट त्याला मानवणारी नाही.

डागाचं खरं आहे. महिन्या-दोन महिन्यांत होत नाही, पण रोज पाच-सहा तास एकच वृत्तवाहिनी असेल तर धोका नक्की. जिथे सतत उजळ पट्टी असते तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा लवकर थकतात, त्याचाच तो डाग. हे टाळायला टीव्ही बंद केल्यावर, स्टँडबायवर असताना, आतल्या आत पडद्याची साफसफाई करून घेतो. त्यासाठी भिंतीवरचं बटण चालू लागतं. आपल्याकडे झोपताना बटण बंद करायची घरोघर सवय, आणि पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की प्लगच काढतात. सासूबाई काय करतात ते आधी बघा.

आणि पश्चिमेचं ऊन असेल तर ओएलईडीत दुपारी बातम्यांऐवजी सोफा दिसेल. त्या खोलीला मिनी एलईडी बरा, उजेड भरपूर असतो.

प्रतिसाद

थोडा हिशेब.

अंतर: चांगली नजर साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा कोन वेगळा ओळखते. त्या मापाने ५५ इंची फुल एचडीचे ठिपके सव्वासात फुटांपलीकडे एकमेकांत मिसळतात, ४३ इंचीचे साडेपाच-सहा फुटांपलीकडे. तुम्ही आठ फुटांवर. म्हणजे निव्वळ ठिपक्यांचं बोलाल तर तुमच्या सोफ्यावरून फुल एचडी आणि फोरके सारखेच. फोरकेच्या चौपट ठिपक्यांच्या एटकेचं तर नावच काढू नका. नव्या टीव्हीत खरा फरक पडतो तो रंगांचा आणि उजेडाचा, म्हणजे एचडीआरचा. तिथेही गोम आहे. तीस हजारांच्या टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं, पण तेवढा उजेड पाडण्याची त्या पडद्याची ताकदच नसते.

फोरके बघायचं तर नेटफ्लिक्सचा ६४९ चा प्लॅन लागतो. १९९ चा घेत असाल तर वर्षाला ५४०० रुपये जास्तीचे. हे दुकानदार किमतीत धरत नाही.

जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा कर २८ वरून १८ टक्के झाला. दुकानात 'दहा टक्के स्वस्त' म्हणतात, पण एकूण किमतीत कपात पावणेआठ-आठ टक्क्यांची येते. १२८ चे ११८ होतात, एवढंच.

वीज: मोठा पडदा ५० वॅट जास्त खातो असं धरा. आठ तासांप्रमाणे महिन्याला १२ युनिट. फार नाही, पण महावितरणच्या १०० युनिटांच्या उंबरठ्यावर असाल तर वरच्या दराने लागतील.

प्रतिसाद

आहे त्याच टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात अ‍ॅप्स चालवणारी स्ट्रीमिंग स्टिक लावा, विषय संपवा. चार-पाच हजार.

प्रतिसाद

वरच्या हिशेबाला माझा थोडा विरोध. माणूस ठिपके मोजायला टीव्ही बघत नाही. ४३ वरून ५५ ला गेलात की पडदा दीडपटीहून मोठा होतो आणि मॅच बघताना ते सुख पहिल्या ओव्हरला कळतं. आयपीएल २०२३ मध्ये जिओसिनेमावर फोरकेमध्ये दाखवली होती, तेव्हा आमच्या नेरुळच्या घरात अर्धी बिल्डिंग जमली होती. मोठा घ्या, पण साधा घ्या. मात्र एसडी चॅनेल मोठ्या पडद्यावर आणखी पिठूळ दिसतं, हेही खरं.

काहीही घेतलंत तरी सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय आधी बंद करा. नाहीतर सिनेमासुद्धा सीरियलसारखा दिसतो. सिनेमाच्या सेकंदाला २४ फ्रेम, त्यांच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनाने फ्रेम घुसवतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बटणाचं वाचून हसूच आलं. सासूबाई रात्री गॅसचा रेग्युलेटर, गीझर आणि टीव्ही याच क्रमाने बंद करतात आणि त्यात बदल होणं नाही. ओएलईडी बाद. लेकाला हिशेबाचा प्रतिसाद वाचायला दिला. त्याने अर्धा तास फुटपट्टी घेऊन विरोध केला, मग गप्प बसला.

सासूबाईंना विचारलं की तुम्हाला काय हवंय. त्या म्हणाल्या, चित्र दिसतंय गं, सीरियलमधलं बोलणं नीट ऐकू येत नाही. हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संवाद भिंतीला आणि पार्श्वसंगीत आम्हाला.

तर सध्या स्टिक आणि एक साउंडबार घेतो. केबलवाल्याकडून सासूबाईंच्या दोन-तीन चॅनेलपुरतं एचडी करून घेते. ५५ इंचीचं पुढच्या दिवाळीला बघू, तोवर भाव उतरले तर उत्तमच. नवरा नाराज आहे, पण साउंडबार तो निवडणार या अटीवर तह झालाय.

एक शेवटची शंका. आमच्या टीव्हीला एचडीएमआयची दोनच पोर्ट, त्यातल्या एकावर एआरसी (म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारं पोर्ट) लिहिलंय आणि नेमका तिथेच सेट टॉप बॉक्स लावलाय. मग स्टिक कुठे लावायची?

प्रतिसाद

एआरसीचं पोर्ट साउंडबारला द्या आणि सेटिंगमध्ये सीईसी चालू करा, म्हणजे आवाज एकाच रिमोटने कमीजास्त होईल. उरलेल्या एकात बॉक्स आणि स्टिक दोन्ही बसणार नाहीत, म्हणून एचडीएमआय इन असलेला साउंडबार निवडा आणि स्टिक त्यालाच लावा. नसेल तर बॉक्स तीन रंगांच्या जुन्या वायरने जोडा, एसडी चॅनेलला ती पुरते. पण एचडी पॅक घेणार असाल तर नाही चालणार. साउंडबार घ्यायच्या आधी त्याची मागची बाजू बघून घ्या.