चेल्सीच्या हिशोबावर फलक करायचेत, मजकूर तपासून द्या

गनर_गोट्या

मंडळी, आर्सेनल-चेल्सी फुटबॉल सामन्याच्या स्क्रीनिंगला आमच्या, म्हणजे आर्सेनलच्या, बाजूने कापडी फलक लावायचे ठरलंय. विषय एकच, चेल्सीचे हिशोब आणि मालक (बोहली वगैरे). पलीकडच्या टेबलांवर दोन-तीन सीए बसतात. एक आकडा चुकला की फलक आपल्याच गळ्यात. पाच मजकूर देतोय, कुठला ठेवू नि कुठला फाडू ते सांगा. कारणासकट सांगा, कारण तिथे वाद होणार हे नक्की.

१) हॉटेल विकणे आहे. गिऱ्हाईकही आम्हीच.
२) चेल्सी दिवाळखोर!
३) खेळाडू आठ वर्षांचा, कोच सात महिन्यांचा.
४) बोहली, एकट्याने बुडवलंस!
५) पोरींचा संघसुद्धा विकून खाल्ला.

---

ताळेबंद_तात्या

क्रमांक १ ठेव. क्रमांक २ आत्ताच्या आत्ता फाड. बाकीच्यांवर इतर लोक बोलतीलच, मी या दोघांचं सांगतो.

चेल्सीच्या स्टेडियमच्या, स्टॅमफर्ड ब्रिजच्या आवारात दोन हॉटेलं आहेत, मिलेनियम आणि कॉप्थॉर्न. २०२२-२३ च्या वर्षात क्लबने ती ७.६५ कोटी पौंडांना विकली. घेणारी कंपनी ब्लूको २२ प्रॉपर्टीज, म्हणजे क्लबच्याच मालकांची. वीट हलली नाही, मालक बदलला नाही, पण क्लबच्या नफा-तोटा पत्रकात विक्रीचा नफा आला. पुढच्या वर्षी हाच प्रयोग महिला संघावर. जून २०२४ मध्ये तो ब्लूको २२ मिडको या कंपनीकडे गेला आणि त्या विक्रीचा नफा १९.८७ कोटी पौंड दाखवला. त्या वर्षी चेल्सीचा करपूर्व नफा १२.८४ कोटी होता. वजाबाकी केलीस की कळेल, संघ विकला नसता तर वर्ष ७ कोटींच्या तोट्यात होतं.

हे कशासाठी? प्रीमियर लीगचा २०२५-२६ पर्यंतचा पीएसआर, म्हणजे तोट्याच्या मर्यादेचा नियम: तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा चालायचा, तोही मालकाने भांडवल घालून भरून दिला तर. मालकाने पैसे घातले नाहीत तर मर्यादा दीड कोटीच. आता चेल्सीची तीन वर्षं मांड. २०२१-२२ ला सुमारे १२.१ कोटी तोटा, २०२२-२३ ला ९ कोटी तोटा, २०२३-२४ ला १२.८ कोटी नफा. बेरीज ८.३ कोटी तोटा. बसलं! या दोन विक्र्यांचा नफा काढून टाक, तोटा ३० कोटींच्या पुढे जातो. अकादमी, महिला फुटबॉल, समाजकार्य यांचा खर्च नियमात वगळायला मिळतो, पण त्यानेही एवढा खड्डा बुजत नाही.

लीगने अडवलं का नाही, हा प्रश्न सीए लोक विचारतीलच. लीगच्या नियमात स्थावर मालमत्ता विकून आलेला नफा मोजायला बंदी नव्हती, अट फक्त बाजारभावाची. हॉटेलांचा भाव लीगने तपासला आणि मान्य केला. जून २०२४ मध्ये ही पळवाट बुजवायचा ठराव आला, पण लागणारी १४ क्लबांची मतं पडली नाहीत. म्हणजे ही युक्ती इतरांनाही वापरायला मोकळी राहिली, आणि तसंच झालं. २०२५ मध्ये एव्हर्टन आणि अ‍ॅस्टन व्हिला यांनीही आपापले महिला संघ घरातल्या घरात विकले.

यूएफाकडे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाकडे, मात्र हे चालत नाही. तिथे गटातल्या गटात केलेल्या विक्रीचा नफा धरतच नाहीत. जुलै २०२५ मध्ये चेल्सीला ३.१ कोटी युरोंचा दंड बसला. त्यातले २ कोटी जास्तीच्या तोट्याबद्दल, १.१ कोटी संघावरचा खर्च उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर गेला म्हणून. शिवाय पुढची चार वर्षं ठरलेली उद्दिष्टं पाळली नाहीत तर आणखी ६ कोटींपर्यंत.

आता 'दिवाळखोर' का नको. दिवाळं निघतं ते रोकड संपल्यावर, आणि चेल्सीकडे रोकडीची चणचण दिसत नाही, मालक ओततायत. त्यांची अडचण नियमाची आहे, तिजोरीची नाही. फलकावर 'दिवाळखोर' लिहिलंस की समोरचा सीए दोन वाक्यांत तुला गप्प करेल. दिवाळखोरीजवळ जाणारा क्लब बघायचा तर शेफील्ड वेन्सडे बघ. त्यांनी हिल्सबरो स्टेडियम सुमारे ६ कोटी पौंडांना मालकाच्याच कंपनीला विकलं. नफा चुकीच्या वर्षात धरला म्हणून १२ गुण गेले, अपिलात ६ झाले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (देणी थकल्यावर प्रशासकाच्या ताब्यात) गेला, पुन्हा १२ गुण वजा. तीच युक्ती, फक्त खिसा रिकामा.

---

उत्तर_गॅलरी

क्रमांक ३ चांगला आहे, पण अर्धा शिळा झालाय. नीट समजून घे.

खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत कराराच्या वर्षांवर सारखी वाटून खर्चात टाकतात, हे अमॉर्टायझेशन. एन्झो फर्नांडेस जानेवारी २०२३ मध्ये १०.६८ कोटी पौंडांना आला, करार साडेआठ वर्षांचा. भागाकार कर: वर्षाला १.२६ कोटी. तोच पाच वर्षांचा करार असता तर वर्षाला २.१४ कोटी. मुड्रिक या खेळाडूचंही तसंच, साडेआठ वर्षं. पण यूएफाने २०२३ च्या उन्हाळ्यापासून ही वाटणी पाच वर्षांवर अडवली आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगनेही तेच केलं. करार दहा वर्षांचा करा, भागायचं पाचानेच. लीगने हे फक्त नव्या करारांना लावलं, म्हणून एन्झोचा जुना हिशोब तिथे तसाच चालू राहिला.

मग चेल्सीच्या पामरचा करार २०३३ पर्यंत कशाला? पगार आजच्या भावात बांधला जातो आणि विकताना भाव आपल्या हातात राहतो. उलट बाजूही आहे. फसलेला खेळाडू तेवढ्याच लांब पगारावर बसून राहतो आणि त्याला घ्यायला कोणी येत नाही, कारण तेवढा पगार दुसरीकडे मिळत नाही. टोमणा मारायचा तर तिथे मारा. 'सात महिन्यांचा कोच' बरोबर आहे. ग्रॅहम पॉटर या कोचला पाच वर्षांचा करार दिला होता, पुरते सात महिनेही झाले नाहीत.

माझ्याकडून एक सहावा मजकूर घे: '३० जूनची जत्रा'. बहुतेक क्लबांचं आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं. जून २०२४ मध्ये चेल्सीने मात्सेन हा खेळाडू अ‍ॅस्टन व्हिलाला ३.७५ कोटींना दिला आणि व्हिलाकडून केलीमन १.९ कोटींना घेतला. मात्सेन चेल्सीच्या अकादमीचा, पुस्तकात किंमत शून्य, म्हणून पूर्ण ३.७५ कोटी त्याच वर्षाचा नफा. केलीमनचे १.९ कोटी पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला ३८ लाख. व्हिलाच्या बाजूनेही साधारण हेच गणित. दोघांचंही भागलं, फक्त आपल्या अकादमीत वाढलेलं पोर दोघांनी घालवलं. माउंट, गॅलाघर या चेल्सीच्याच अकादमीतल्या पोरांना काढण्यामागेही हेच. गावातला पोरगा विकला की नफा सगळा, बाहेरून आणलेला विकला तर उरलेली पुस्तकी किंमत वजा. या नियमाची खरी चीड येते ती इथे, आणि त्याबाबतीत चेल्सीचे चाहतेसुद्धा तुझ्या बाजूने टाळ्या वाजवतील.

---

निळाशार

चेल्सीवाला आहे, तरी मदत करतो. निदान बरोबर शिव्या घाला.

क्रमांक ४ चुकीच्या माणसावर आहे. मे २०२२ च्या खरेदीत शेअर्सचे २५० कोटी पौंड आणि पुढे १७५ कोटी गुंतवायचं वचन होतं. बोहली अध्यक्ष म्हणून कॅमेऱ्यासमोर आला, पण सर्वांत मोठा वाटा क्लिअरलेक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचा, ६० टक्क्यांच्या वर. रोजच्या कारभारात क्लिअरलेकचा एग्बाली. 'बोहली हटाव' म्हणणारा माणूस २०२२ मध्येच झोपी गेलाय असं आम्ही समजतो.

क्रमांक ५ लावू नका. टोमणा मालकाला आणि लागतोय संघाला. त्या संघाने २०२० ते २०२५ सलग सहा लीग जिंकल्यात. शिवाय भावाबद्दल बोलायचं तर मे २०२५ मध्ये अ‍ॅलेक्सिस ओहानियन या बाहेरच्या गुंतवणूकदाराने त्यातला छोटा हिस्सा सुमारे २ कोटी पौंडांना घेतला, त्यामुळे 'कागदी किंमत' म्हणणंही अवघड झालं. किंमत फुगवलेली नसेलही. घरातच विकला, हे मात्र खरं आहे, ते मान्य.

आता तुमच्या अंगणात. २०१८ मध्ये तुमच्या आर्सेनलच्या मालकाने, क्रोएंकेने, दुसरा मोठा भागधारक उस्मानोव्हचा ३० टक्के हिस्सा ५५ कोटी पौंडांना घेतला आणि छोट्या भागधारकांचे शेअर सक्तीने खरेदी केले. पिढ्यान्‌पिढ्या एक-एक शेअर जपून ठेवलेल्या लोकांकडून. त्यानंतर वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारायची सोयच गेली. मालकाच्या कंपनीचं तुमच्या क्लबवर ३० कोटी पौंडांच्या वर कर्ज आहे. एप्रिल २०२१ च्या सुपर लीगमध्ये, म्हणजे बड्या क्लबांनी वेगळी लीग काढायच्या बेतात, सहा इंग्लिश क्लब होते, त्यात आपण दोघंही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

---

ताळेबंद_तात्या

निळाशार, ते कर्ज मालकाचं स्वतःचं, बँकेचं नाही. २०२० मध्ये त्याच कंपनीने स्टेडियमचं जुनं कर्ज फेडून टाकलं. कर्ज म्हटलं की सगळं एकच नसतं. त्या बाबतीत मँचेस्टर युनायटेडशी तुलना कर. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातले निम्म्याहून जास्त उसने, आणि त्याचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर. तोपर्यंत क्लबवर कर्ज नव्हतं. २०१० मध्ये ५० कोटींचे रोखे काढून जुनं कर्ज नव्याने बांधलं. चाहत्यांच्या निषेधाच्या हिरव्या-सोनेरी मफलरी त्याच हंगामातल्या, न्यूटन हीथचे, म्हणजे युनायटेडच्या जुन्या नावाच्या क्लबचे, मूळ रंग. मालकाने क्लबला पैसे देणं आणि मालकाने क्लब घ्यायला क्लबच गहाण टाकणं, यात जमीन-अस्मानाचा फरक. पावसात युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमच्या छतातून धबधबा पडतो आणि पाहुणे चाहते स्टेडियम कोसळल्याची गाणी म्हणतात, ते उगाच नाही.

गोट्या, स्वतः तपासायचं असेल तर यूकेच्या कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर सगळं फुकट आहे. 'चेल्सी एफसी होल्डिंग्ज लिमिटेड' शोध, फाइलिंग हिस्ट्रीत 'ग्रुप अकाउंट्स' उघड. पहिलं पान वाचू नकोस, तिथे गोडगोड असतं. चार टिपा बघ: अमूर्त मालमत्ता (खेळाडूंची उरलेली किंमत), मालमत्ता विक्रीचा नफा, संबंधित पक्षांचे व्यवहार आणि ताळेबंदानंतरच्या घडामोडी. मग तिच्याही वरच्या होल्डिंग कंपनीचा ताळेबंद उघड. एकत्रित हिशोबात घरातली विक्री आपोआप पुसली जाते, त्यामुळे खाली दिसलेला नफा वर दिसत नाही. लोक नेमकी हीच चूक करतात, खालच्या कंपनीचा आकडा घेऊन 'चेल्सी फायद्यात' असं फिरवतात. वर्ष ३० जूनला संपतं, हिशोब साधारण पुढच्या मार्चअखेरीस येतात.

आणि लीगमधला वाद फार दिवसांचा नाही. २०२६-२७ पासून पीएसआरच्या जागी संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत ठेवायचा नियम. पीएसआरवरचा फलक त्यानंतर जपून वापर.

---

मांजरपाट

मजकुराचं तुम्ही बघा, मी कापडाचं सांगतो. अक्षराची उंची अंतराच्या हिशोबात: दहा फुटांना एक इंच धरली तर वाचता येतं, पण हॉलमध्ये दिवे मंद असतात म्हणून दुप्पट धरा. चाळीस फुटांवरून वाचायचं तर आठ इंच. म्हणजे सहा-सात शब्दांपुढे जाऊ नका, क्रमांक १ मध्ये पाचच आहेत. मांजरपाट आधी धुवून खळ काढा, नाहीतर रंग सुकल्यावर पापुद्रे सुटतात. पेन्सिलने आडव्या रेषा आखल्याशिवाय ब्रश लावू नका. शिरोरेखा वाकडी गेली की देवनागरी फलक लगेच फसलेला दिसतो. वर-खाली दोन इंचांची नळी शिवून त्यात काठी घाला, मधे झोळ पडत नाही.

एक सांगतो. मालकाच्या देशावर, धर्मावर जाऊ नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रिस्टल पॅलेस क्लबच्या चाहत्यांनी न्यूकॅसलच्या सौदी मालकीवर फलक लावला, पोलिसांनी चौकशी केली. गुन्हा नाही असं ठरलं, पण चर्चा मालकीऐवजी फलकावरच्या चित्राची झाली.

---

गनर_गोट्या

तात्या, गॅलरी, मांजरपाट, आभारी आहे. निळाशार, तुलाही. २ आणि ४ फाडले. ५ सुद्धा गेला, आणि सलग सहा लीगला उत्तर म्हणून २०२५ ची चॅम्पियन्स लीग आमच्या बायकांनी लिस्बनमध्ये बार्सिलोनाला हरवून आणली हे इथेच नोंदवून ठेवतो. उरले ते असे:

हॉटेल विकणे आहे. गिऱ्हाईकही आम्हीच.
करार २०३१ पर्यंत. कोच मार्चपर्यंत.
तीस जूनची जत्रा: घरची पोरं स्वस्तात.

तिसऱ्यातलं 'स्वस्तात' चालेल का?

---

उत्तर_गॅलरी

नाही. ३.७५ कोटी स्वस्त नव्हते. 'घरची पोरं काढणे आहे' कर, पहिल्या फलकाशी जोडही लागते. आणि दुसऱ्यात कोच एप्रिलपर्यंत. पॉटर २ एप्रिलला गेला.

---

निळाशार

लावा, लावा. यूएफाच्या दंडाचे ३.१ कोटी युरो त्याच महिन्यात क्लब वर्ल्ड कपच्या बक्षिसातून निघाले, वर बरेच उरले. पीएसजीला ३-० ने मारून. आणि पुणेकर असाल तर मालकीवर जरा हळू बोला, पुण्याची फुटबॉल टीम एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळली तेव्हा विकायला हॉटेलही नव्हतं.