मदत हवी आहे: कोंबडीचे कच्चे मटण धुवावे की धुवू नये?

आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि दर रविवारी समोर कापून दिलेली कोंबडी घरी आणतो. सासूबाईंच्या पद्धतीप्रमाणे ती नळाखाली तीन-चार पाण्यांनी धुऊन, हळद-मीठ चोळूनच शिजवली जाते, आणि न धुतलेले मटण पातेल्यात टाकणे हा त्यांच्या दृष्टीने निव्वळ गलथानपणा आहे.

मात्र ब्रिटनच्या अन्नसुरक्षा विभागाने 2014 मध्येच कच्ची कोंबडी धुवू नका असे आवाहन केले होते, असे वाचनात आले. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू धुण्याने नाहीसे होत नाहीत, उलट उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर बेसिन, ओटा आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. मारते ती उष्णता, म्हणजे मटण आतपर्यंत 74 अंश सेल्सिअसला पोहोचले की पुरे. आमच्या ओट्यावर बेसिनला लागूनच कोशिंबिरीची काकडी चिरलेली असते, म्हणून हे वाचून मी अस्वस्थ झाले.

अडचण अशी की तो सल्ला कारखान्यात साफ होऊन वेष्टनात येणाऱ्या कोंबडीला सहज लागू पडतो, पण आमच्या पिशवीत रक्ताच्या गुठळ्या, हाडांचा चुरा आणि क्वचित पिसेही असतात. ती नुसत्या कागदाने पुसून निघतील का? की नळ न सोडता परातीतल्या पाण्यात हलकेच बुडवून काढावी आणि नंतर बेसिन साबणाने घासावे? हळद-मिठाने जिवाणू खरोखर मरतात का? जाणकारांनी, विशेषतः आपल्या भागात ताजी कोंबडी आणणाऱ्यांनी, आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.